स्नायू कशावर चालतात?

शाळेच्या मैदानावर स्पर्धांचा सराव सुरू झाला की मुले आणि पालक शिक्षकांना एक प्रश्न हमखास विचारतात : ताकद वाढावी म्हणून काय खायला द्यावे? बहुतेक वेळा उत्तर पालकांच्या मनात आधीच तयार असते. हल्ली ते प्रथिनांच्या पावडरीच्या डब्याच्या रूपात असते. पूर्वी ते मटण, अंडी, दूध आणि बदाम यांच्या रूपात असे. या उत्तरामागचा तर्क सरळ आहे. स्नायू प्रथिनांचे बनलेले असतात, खेळताना स्नायू काम करतात, म्हणून कामात प्रथिने खर्च होतात आणि ती भरून काढली पाहिजेत.

हा तर्क अडाणीपणाचा नाही. एकोणिसाव्या शतकातील एका थोर रसायनशास्त्रज्ञाने तो सिद्धान्त म्हणून मांडला होता आणि युरोपातील अनेक विद्वानांनी तो वीस-पंचवीस वर्षे मान्य केला होता. तो तपासून पाहण्यासाठी शास्त्रज्ञांनी काय काय केले, याचा इतिहास आपण या लेखात पाहू. वर्गात फळ्यावर मांडता येईल असे गणितही त्यात आहे.

लीबिग यांचा सिद्धान्त

जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी १८४२ साली प्राण्यांच्या शरीरातील रसायनशास्त्रावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी अन्नाचे दोन भाग पाडले. नायट्रोजनयुक्त पदार्थ, म्हणजे प्रथिने, हे शरीर घडवणारे अन्न. स्निग्ध पदार्थ, साखर आणि पिष्ट हे श्वसनाचे अन्न. त्यांचे काम फक्त शरीर ऊबदार ठेवण्याचे. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा त्याचे स्वतःचे द्रव्य मोडते आणि त्यातूनच बळ निर्माण होते, असे त्यांचे म्हणणे होते.

या सिद्धान्तातून एक भाकीत निघत होते आणि ते तपासता येण्याजोगे होते. प्रथिने मोडली की त्यांतील नायट्रोजन मुख्यतः युरियाच्या रूपाने मूत्रावाटे बाहेर पडतो. तेव्हा काम जितके जास्त, तितका मूत्रातील युरिया जास्त असला पाहिजे.

सिद्धान्ताचे परिणाम प्रयोगशाळेपुरते नव्हते. मजुराला आणि सैनिकाला काम करायला मांस हवे, भाकरी-बटाटे त्याला फक्त ऊब देतात, असा त्याचा अर्थ होत होता. गरिबाच्या ताटातील सर्वांत महाग पदार्थ हाच त्याच्या श्रमाचा आधार ठरत होता. लीबिग यांचे नाव लावून मांसाचा अर्क विकणारी कंपनीही १८६५ साली लंडनमध्ये स्थापन झाली. तिचा कारखाना दक्षिण अमेरिकेत, उरुग्वेमध्ये होता.

पहिली शंका रॉबर्ट मायर या जर्मन डॉक्टरांनी १८४५ सालीच घेतली होती. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मांडणाऱ्यांपैकी ते एक. हृदय दिवसरात्र काम करते. ते स्वतःचेच द्रव्य जाळून चालत असते, तर आठवडाभरात ते संपून गेले असते, असा हिशेब त्यांनी मांडला. इंजिन चालते तेव्हा कोळसा जळतो, इंजिनाचे लोखंड जळत नाही. स्नायूही तसेच यंत्र असले पाहिजे, असे मायर यांचे मत होते. पण हा तर्क होता. मोजमाप व्हायचे होते.

कुत्रा आणि तुरुंगातील चक्र

म्यूनिक येथे कार्ल फॉइट यांनी कुत्र्याला फिरत्या चक्रात पळवले आणि त्याच्या मूत्रातील युरिया मोजला. विश्रांतीच्या दिवसांच्या तुलनेत त्यात जवळजवळ वाढ झाली नाही. १८६० साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

त्याच सुमारास लंडनमध्ये एडवर्ड स्मिथ हे डॉक्टर तुरुंगातील कैद्यांच्या श्रमाचा अभ्यास करत होते. कैद्यांना शिक्षा म्हणून पायऱ्यांचे मोठे चक्र पायांनी फिरवावे लागे. हे काम करताना उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड कित्येक पटींनी वाढतो, पण युरियात तशी वाढ होत नाही, असे स्मिथ यांना आढळले. म्हणजे शरीरात काहीतरी जोरात जळत होते, पण ते नायट्रोजनयुक्त नव्हते.

तरीही सिद्धान्त लगेच मागे पडला नाही. युरिया वाढत नसला तरी जो नेहमी बाहेर पडतो, तेवढ्याच प्रथिनांतून कामाची ऊर्जा निघत असेल, असे म्हणता येत होते. या पळवाटेला उत्तर द्यायचे तर किती प्रथिने मोडली आणि किती काम झाले, हे दोन्ही एकाच व्यक्तीवर, एकाच वेळी मोजायला हवे होते.

फाउलहॉर्नची चढाई

ते काम झुरिकमधील दोन प्राध्यापकांनी केले. आडोल्फ फिक हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ आणि योहानेस विस्लिसेनुस हे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न हे शिखर निवडले. ब्रिएंझ सरोवराच्या काठापासून माथ्यापर्यंत १९५६ मीटर उभी चढण होती. आपले कळसूबाई समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर उंच आहे, यावरून या चढणीची कल्पना यावी. माथ्यावर हॉटेल असल्यामुळे मुक्कामाची सोय होती.

२९ ऑगस्ट १८६५ च्या दुपारपासून दोघांनी प्रथिने असलेले अन्न बंद केले. पिष्टाच्या स्निग्धात तळलेल्या वड्या, साखर घातलेला चहा, थोडी बियर आणि वाइन एवढाच त्यांचा आहार होता. ३० ऑगस्टच्या पहाटे ते निघाले आणि दुपारी माथ्यावर पोचले. चढताना आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंतच्या विश्रांतीत झालेले सर्व मूत्र त्यांनी गोळा केले. संध्याकाळी सात वाजता मांसाचे भरपूर जेवण घेऊन त्यांनी आपले पथ्य सोडले.

लीबिग यांचे म्हणणे खरे असते, तर प्रथिनांविना हे दोघे चढताना लवकरच गळून जायला हवे होते. तसे काही झाले नाही. पण फिक आणि विस्लिसेनुस यांनी आपल्या अनुभवावर विसंबून न राहता नायट्रोजन मोजला. प्रथिनांमध्ये नायट्रोजनचे प्रमाण साधारण सहाव्या हिश्शाइतके असते, म्हणून बाहेर पडलेल्या नायट्रोजनवरून मोडलेल्या प्रथिनांचे वजन काढता येते. चढण आणि नंतरची विश्रांती मिळून फिक यांच्या शरीरात ३७.१७ ग्रॅम आणि विस्लिसेनुस यांच्या शरीरात ३७.०० ग्रॅम प्रथिने मोडली होती.

आता काम मोजू. सामानासह फिक यांचे वजन ६६ किलोग्रॅम होते. ६६ ला १९५६ ने गुणले की १,२९,०९६ किलोग्रॅम-मीटर इतके काम येते. विस्लिसेनुस यांचे वजन ७६ किलोग्रॅम. त्यांचे काम १,४८,६५६ किलोग्रॅम-मीटर. एक किलोकॅलरी म्हणजे साधारण ४२७ किलोग्रॅम-मीटर. यावरून फिक यांनी केवळ स्वतःला उचलण्यासाठी सुमारे ३०२ किलोकॅलरी इतके काम केले.

एक ग्रॅम प्रथिनांपासून शरीराला सुमारे ४ किलोकॅलरी मिळतात. ३७.१७ ग्रॅमपासून मिळतील सुमारे १४९. म्हणजे मोडलेल्या प्रथिनांची सगळी ऊर्जा चढण्यासाठीच वापरली गेली असे धरले, तरी ती निम्म्या कामालाही पुरत नाही. शिवाय आज आपल्याला माहीत आहे की स्नायू मिळालेल्या ऊर्जेचा साधारण चौथा भागच कामात बदलतात, बाकीची उष्णता होते. तेव्हा ३०२ किलोकॅलरी काम करायला सुमारे १२०० किलोकॅलरी इंधन लागले असणार. त्यात प्रथिनांचा वाटा जेमतेम आठवा.

प्रथिनांच्या ज्वलनातून नेमकी किती उष्णता मिळते, हा आकडा तेव्हा उपलब्ध नव्हता. फिक यांचे नातलग असलेल्या इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांनी १८६६ साली तो उष्णतामापकात मोजला आणि हिशेब पूर्ण झाला. स्नायूंचे मुख्य इंधन प्रथिने नाहीत, हे स्पष्ट झाले. ज्यांना लीबिग फक्त ऊब देणारे अन्न म्हणत होते, ती पिष्टे आणि स्निग्ध पदार्थच काम करत होते.

या प्रयोगात एक उणीव होती : घामावाटे गेलेला नायट्रोजन त्यांनी मोजला नव्हता. पण मोडलेली प्रथिने दुप्पट धरली, तरी वरचा निष्कर्ष बदलत नाही. या उणिवेकडे आपण पुढे पुन्हा येऊ, कारण तिच्यात आपल्या मुलांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे.

मॅरेथॉन आणि रक्तातील साखर

पिष्ट की स्निग्ध, यांतील कोणते इंधन केव्हा वापरले जाते हा पुढचा प्रश्न होता. त्याचे उत्तर श्वासात मिळते. ग्लुकोजचा एक रेणू जळताना ऑक्सिजनचे सहा रेणू लागतात आणि कार्बन डायऑक्साइडचे सहाच तयार होतात, गुणोत्तर १. स्निग्ध पदार्थ जळताना हे गुणोत्तर ०.७ च्या आसपास येते. कोपनहेगनमध्ये ऑगस्ट क्रोघ आणि योहानेस लिंडहार्ड यांनी १९२० साली या पद्धतीने दाखवले की शरीर दोन्ही इंधने वापरते, पण कर्बोदकांवर तेच काम थोड्या कमी ऊर्जेत होते.

दरम्यान अमेरिकेत बॉस्टन येथील डॉक्टरांनी प्रयोगशाळेबाहेर एक महत्त्वाचे निरीक्षण केले. इन्शुलिनचा वापर नुकताच सुरू झाला होता आणि रक्तातील साखर फार उतरली की रोगी कसा दिसतो, हे डॉक्टरांच्या परिचयाचे झाले होते : फिकट चेहरा, थरथर, गोंधळलेले मन. १९२४ च्या बॉस्टन मॅरेथॉननंतर सॅम्युएल लिव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धावपटूंचे रक्त तपासले. शर्यतीअखेर अगदी गळून गेलेल्या धावपटूंमध्ये हीच लक्षणे होती आणि त्यांच्या रक्तातील साखरही बरीच उतरलेली होती. पुढच्या वर्षी काही धावपटूंना आधी भरपूर कर्बोदके आणि शर्यतीत खायला गोळ्या-मिठाई देण्यात आली. त्यांची साखर टिकली आणि शर्यतीअखेर त्यांची स्थिती खूपच चांगली होती.

१९३९ साली ख्रिस्टेनसेन आणि हान्सेन या डेन्मार्कमधील संशोधकांनी आहार बदलून सायकल चालवून घेतली. काही दिवस स्निग्ध आहार घेतल्यावर माणसे सुमारे दीड तासात थकत; कर्बोदकांचा आहार घेतल्यावर तीच माणसे चार तासांपर्यंत टिकत.

स्नायूच्या आत डोकावणे

आतापर्यंतचे सगळे पुरावे बाहेरून मिळवलेले होते : मूत्र, श्वास, रक्त. स्नायूत काय घडते ते स्वीडनमध्ये पाहिले गेले. योनास बेर्गस्ट्रोम यांनी १९६२ साली स्नायूचा दाण्याएवढा तुकडा काढण्यासाठी सुई वापरात आणली. १९६६ साली त्यांनी व एरिक हुल्टमन यांनी प्रयोग केला तो स्वतःवरच. एकाच सायकलीच्या दोन बाजूंना दोघे बसले आणि प्रत्येकाने एकाच पायाने पेडल मारले. दुसरा पाय स्वस्थ.

थकेपर्यंत सायकल चालवल्यावर काम करणाऱ्या पायातील ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेले पिष्ट, जवळजवळ संपले होते. स्वस्थ पायातील तसेच होते. पुढचे तीन दिवस दोघांनी कर्बोदकांचा आहार घेतला. तेव्हा काम केलेल्या पायात ग्लायकोजेन इतके साठले की ते दुसऱ्या पायाच्या दुप्पट झाले. एकाच माणसाचे दोन पाय, रक्त तेच, अन्न तेच. फरक फक्त श्रमाचा. प्रयोग कसा आखावा याचा हा उत्तम धडा आहे.

१९६७ साली त्यांनी सहकाऱ्यांसह ९ जणांवर आणखी एक प्रयोग केला. नेहमीच्या मिश्र आहारानंतर ते सरासरी ११४ मिनिटे जड श्रम करू शकले. कर्बोदके जवळजवळ वगळल्यावर ५७ मिनिटे आणि भरपूर कर्बोदके घेतल्यावर १६७ मिनिटे.

ही पद्धत वापरून ब्रिटनच्या रॉन हिल यांनी १९६९ साली अथेन्समध्ये युरोपियन मॅरेथॉन स्पर्धा जिंकली आणि ती जगभर गाजली. एका विजेत्यामुळे पद्धत सिद्ध होत नाही, हे मात्र विद्यार्थ्यांना सांगायला हवे. सिद्ध करणारे प्रयोग आधी झालेले होते. हा फायदा दीड तासाहून अधिक चालणाऱ्या श्रमातच दिसतो, हेही पुढे स्पष्ट झाले. शंभर मीटर धावणाऱ्या मुलाने आदल्या रात्री ताटभर भात खाल्ल्याने तो वेगाने धावणार नाही.

मग प्रथिने कशासाठी?

प्रथिने अनावश्यक आहेत असा याचा अर्थ नाही. ती घडणीसाठी आणि दुरुस्तीसाठी लागतात. प्रश्न किती लागतात हा आहे. फॉइट यांनी श्रमिकासाठी दिवसाला ११८ ग्रॅमचे प्रमाण सांगितले होते. येल विद्यापीठातील रसेल चिटेंडन यांनी १९०४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत प्राध्यापक, सैनिक आणि खेळाडू विद्यार्थी महिनोन्महिने याच्या निम्म्याच्या आसपास प्रथिने खात होते. त्यांची ताकद घटली नाही, उलट वाढली.

आज आपल्याकडे अधिक चांगला पुरावा आहे. प्रौढ माणसाला दर किलोग्रॅम वजनामागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी मानली जातात. २०१८ साली ४९ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासण्यात आले. त्यांत वजने उचलण्याचा व्यायाम करणारे १८६३ जण होते. प्रथिने वाढवल्याने स्नायू वाढण्यास काही मदत होते, पण दर किलोग्रॅममागे सुमारे १.६ ग्रॅमच्या पुढे सरासरीने आणखी लाभ दिसत नाही, असे त्यातून निघाले. शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळाव्यात, असा सल्ला हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनात दिला आहे.

५० किलोग्रॅम वजनाचा विद्यार्थी रोज कसून सराव करतो असे धरू. १.२ ते १.६ या हिशेबाने त्याला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतील. दिवसभरात ३०० ग्रॅम ज्वारी किंवा गहू यांतून सुमारे ३० ग्रॅम, ६० ग्रॅम डाळीतून १३, अर्धा लिटर दुधातून १६ आणि मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून ७ ग्रॅम मिळतात. बेरीज ६६. हा डबाबंद खुराक नव्हे, भाकरी-आमटीचे साधे जेवण आहे.

उपाशी पळणारे मूल

आता त्या घामाकडे वळू. १९८० साली लेमन आणि मलिन या अमेरिकेतील संशोधकांनी सहा जणांकडून तासभर सायकल चालवून घेतली आणि घामातील युरियाही मोजला. स्नायूंत ग्लायकोजेन भरपूर असताना एकूण ऊर्जेतील प्रथिनांचा वाटा ४.४ टक्के होता. आधीच ग्लायकोजेन रिकामे करून घेतल्यावर तो १०.४ टक्के झाला.

या दोन आकड्यांत आपल्या शाळांसाठी फार मोठा अर्थ आहे. इंधन असते तेव्हा स्नायू स्वतःला जवळजवळ जाळत नाहीत. इंधन संपू लागले की प्रथिनांचा वाटा दुपटीहून वाढतो. पोटभर जेवलेल्या खेळाडूच्या बाबतीत लीबिग चुकले. उपाशी पळणाऱ्या खेळाडूच्या बाबतीत त्यांचे म्हणणे थोडे खरे ठरू लागते.

पोलीस भरतीसाठी किंवा तालुक्याच्या स्पर्धेसाठी पहाटे रिकाम्या पोटी पळणारी मुले-मुली आपण सर्वांनी पाहिली आहेत. घरचे लोक पोटाला चिमटा घेऊन महागड्या डब्यासाठी पैसे साठवतात आणि मूल मात्र पळून आल्यावर चहा पिऊन थेट शाळेत येते. असे मूल सकाळी पावडर घेते, तेव्हा तिच्यातील काही प्रथिने घडणीला न जाता इंधन म्हणूनच जळतात. तेच काम एका केळ्याने, गूळ-शेंगदाण्यांनी किंवा शिळ्या भाकरीने कितीतरी स्वस्तात झाले असते, आणि प्रथिने आपल्या खऱ्या कामासाठी शिल्लक राहिली असती.

वर्गात एक हिशेब करून पाहावा. ४० किलोग्रॅम वजनाची मुलगी १० मीटर उंच जिना चढली तर ४०० किलोग्रॅम-मीटर काम होते, म्हणजे एक किलोकॅलरीहून किंचित कमी. स्नायूंची कार्यक्षमता पाव धरली, तर इंधन लागते सुमारे पावणेचार किलोकॅलरी. म्हणजे जवळजवळ एक ग्रॅम साखर. मुलांनी आपापले वजन घालून हे गणित सोडवावे आणि मग आपण सकाळी काय खाऊन आलो, ते वहीत लिहावे. मैदानावर कोणाला आधी खाऊ घातले पाहिजे, हे त्या वहीवरून शिक्षकांना कळेल.